रेडिएटरपुढचा पुठ्ठा

आमच्या धाकट्या भावजींना सगळे 'ॲव्हरेज' म्हणतात. ते नगरपालिकेची शववाहिका चालवतात, आणि एक लिटर डिझेलमध्ये ती किती धावली हे कुणी विचारो न विचारो, सांगत सुटतात. लग्नघरी गेले तरी तेच, दवाखान्यात नंबर लावून बसले तरी तेच. मी या घरात आले तेव्हा ते शाळेत होते, त्यामुळे त्यांचं ऐकून घेणं माझ्या कपाळी आलंय. लग्नाचं त्यांचं जमलं नाही. मुलीकडचे विचारायचे, काय चालवता? हे खरं सांगायचे, की चहा अर्धा टाकून ती माणसं उठायची.

जेवताना त्यांचं प्रवचन ठरलेलं. थंडीत ऑइल घट्ट होतं, त्यामुळे इंजिनाला आधी स्वतःलाच हलवण्यात जोर घालवावा लागतो. टायरमधली हवा आकसते, गाडी जड चालते. इंजिन गरम होईपर्यंत डिझेल नुसतं ढोसतं, अंगी काही लागत नाही. "आणि आमची गाडी जाते कुठे, वहिनी? इस्पितळातून घर, घरातून स्मशान. जरा ऊब धरतेय तोवर उतरायची वेळ." मी म्हणायची, भावजी, निदान आमटी वाढून घेईपर्यंत तरी स्मशानाच्या अलीकडे थांबा. ते हसायचे आणि पुन्हा सुरू व्हायचे. उन्हाळ्यात हवा पातळ होते, मग इंजिन धापा टाकतं. थंडीत हवा दाट, पण अंग आखडलेलं. म्हणजे बाराही महिने या बाईसाहेबांची काही ना काही कुरकुर असायचीच.

थंडीवर त्यांचा एक इलाज होता. जाळीच्या मागे, रेडिएटरच्या पुढ्यात एक जाड पुठ्ठा सरकवायचा. गार वारा थेट आत लागत नाही, इंजिन लवकर तापतं. ऊन वर आलं की पुठ्ठा काढून ठेवायचा. यात ॲव्हरेजची हौस होतीच, खोटं कशाला बोलू. पण पुठ्ठ्याची सुरुवात वेगळ्या कारणाने झाली होती. एकदा कडाक्याच्या थंडीत गाडी एका दारात उभी असताना इंजिन खडखडलं आणि पांढऱ्या धुराचा लोट निघाला तो नेमका रडणाऱ्या बायकांच्या तोंडावर. एक म्हातारी खोकून खोकून बेजार झाली. भावजी त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी टीव्हीचं खोकं कापून पुठ्ठा केला. म्हणून मी त्यांची बाकी सगळी टिंगल केली, पुठ्ठ्याची कधी केली नाही.

ही गाडी त्यांच्या आधी उस्ताद चालवायचे. भावजींना त्यांनीच हाताखाली ठेवून शिकवलं. गप्प माणूस, दाढी रोज केलेली, शर्ट धुतलेला. ते म्हणायचे, "ही गाडी रस्त्यात बंद पडता कामा नये. या माणसाला जन्मभर कुणी वाट दिलेली नसते. शेवटचं तरी त्याला सलग जाऊ दे." निवृत्त होईपर्यंत त्यांची गाडी एकदाही रस्त्यात थांबली नव्हती. हे भावजी इतक्या अभिमानाने सांगायचे, जणू त्यांचीच कमाई.

उस्तादांना एकच मुलगा. स्मशानाकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोठा चढ आहे, त्या चढावर त्याचं टायर-पंक्चरचं दुकान. बापाशी त्याचं बोलणं नव्हतं. झालं होतं असं, की लग्न ठरताना त्याने सासरी सांगितलं, वडील सरकारी गाडी चालवतात. कुठली, ते गिळून टाकलं. ऐन लग्नात सासरच्या एका काकांनी उस्तादांना ओळखलं. त्यांच्या वडिलांना उस्तादांनीच नेलं होतं. ते काका हात जोडून आदराने पुढे आले हो. पण हा मुलगा लाजेने लालबुंद झाला आणि म्हणाला, तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. बापासमोर. उस्ताद मागच्या दाराने घरी गेले, आणि त्यानंतर मुलाशी एक शब्द बोलले नाहीत. मुलगा वेगळा राहायला लागला.

तरीपण थंडी पडली की उस्ताद गाडी हवा भरायला त्याच्याच दुकानी न्यायचे. स्वतः उतरायचे नाहीत. स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसायचे, भावजींना खाली पाठवायचे. मुलगा खाली बसून सगळी चाकं बघायचा, न सांगता स्टेपनीतही हवा भरायचा. दोघांपैकी कुणी तोंड उघडायचं नाही. गाडी निघून गेली की मुलगा बराच वेळ तिथेच उकिडवा बसून असायचा, असं भावजी सांगायचे. मला दोघांचाही राग यायचा. एवढा कसला ताठा?

उस्ताद गेले ते थंडी सरतानाच्या दिवसांत. सकाळी दात वाजायचे आणि दुपारी डोकं तापायचं, अशी हवा. भावजींनी सांगून टाकलं, गाडी मीच चालवणार. पहाटे धुक्यात त्यांनी ती धुतली, पुसली, पुठ्ठा लावला आणि उस्तादांच्या दारात नेऊन उभी केली.

निघायचं होतं सकाळीच. पण उस्तादांची बायको, काकू, म्हणाल्या, "जरा थांबू या." मुलासाठी थांबायचं होतं हे सगळ्यांना कळत होतं. त्याला निरोप गेला होता, दोनदा गेला होता. लोक उभे राहिले, मग कट्ट्यावर बसले, मग सावली शोधायला लागले. ऊन चांगलंच वर आलं. मुलगा आला नाही. शेवटी काकूच उठल्या, म्हणाल्या, "चला." त्या पुढे, भावजींच्या शेजारच्या सीटवर बसल्या. भावजींचे डोळे सकाळपासून वाहत होते. त्यांना समोरचा रस्ता दिसत होता हेच खूप. पुठ्ठ्याची आठवण कुठून होणार?

पुढे माणसं चालत होती, मागे आम्ही बायका, मध्ये गाडी. चालत्या माणसाच्या वेगाने जाणाऱ्या गाडीला समोरून वारा लागत नाही. त्यात भर उन्हात तो चढ, पहिला गिअर, आणि जाळीमागे पुठ्ठा. इंजिनाचा श्वासच कोंडला. तापमानाचा काटा वर चढताना भावजींना दिसत होता. पुढच्या माणसांना हटवता येईना आणि थांबायचं तर उस्तादांचा नेम मोडायचा. मग त्यांनी ड्रायव्हर लोक करतात ते केलं: गाडीतला हीटर पूर्ण सोडला. इंजिनाची उष्णता तेवढीच आत ओढली जाते. त्या उन्हात काकूंच्या पायांवर गरम वाफारा यायला लागला. त्यांनी पाय जरा बाजूला घेतले. भावजींचा घाम आणि आसवं एक झाली होती.

आणि चढाच्या ऐन मध्यावर गाडी थांबली. जाळीतून फुस्स करून वाफ निघाली, खाली पाणी गळायला लागलं. आम्ही मागून बघत होतो. गर्दीत कुजबुज सुरू झाली. "ज्यांची गाडी कधी थांबली नाही, त्यांनाच बघा." कुणीतरी दबक्या आवाजात हसलंसुद्धा, मी वळून अशी नजर दिली की त्याने मान फिरवली. पण खरं सांगते, मलाही मान वर करवेना. आमच्या घरच्या माणसाच्या हातून हे व्हावं, आणि तेही सगळ्यांच्या देखत.

गाडी थांबली होती ती मुलाच्या दुकानासमोर.

दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. क्षणभर काहीच हललं नाही. मग ते वर गेलं आणि मुलगा बाहेर आला. हातात बादली, ज्या टबात ट्यूब बुडवून पंक्चर शोधतात, त्यातलं काळं पाणी. त्याने कुणाकडे बघितलं नाही. भावजी खाली उतरून नुसतेच उभे होते, एवढंच म्हणाले, "रेडिएटरचं झाकण उघडू नको रे, अंगावर उडेल." मुलाने बादली खाली ठेवून बॉनेट उघडलं, आत वाकला, आणि वाफाळलेला, भिजून लगदा झालेला पुठ्ठा ओढून बाहेर काढला. एकदा भावजींकडे बघितलं. मग पुठ्ठा घेऊन आत गेला आणि जुन्या टायरच्या थप्पीमागे टाकून आला. हात पँटला पुसले. गाडीच्या मागे जाऊन म्हणाला, "उतरवा. चढ संपला की आलंच." आणि पुढचा खांदा त्याने दिला.

त्याच संध्याकाळपासून काकू येईल त्याला सांगायला लागल्या. "ते थांबले. कधी थांबले नव्हते ते आज थांबले, पोराच्या दारात. त्याला बोलावल्याशिवाय त्यांचा पाय निघेना." ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. मुलगा मान खाली घालून बाजूला बसलेला असायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. मग रोज दुकान बंद केलं की आईकडे यायला लागला, बायकोलाही घेऊन आला. जे इतकी वर्षं कुणाच्या बापाला जमलं नव्हतं, ते एका उकळलेल्या गाडीने केलं.

आमच्या घरी मात्र स्मशानशांतता. भावजी ताटावर बसायचे, दोन घास चिवडायचे, उठायचे. ॲव्हरेज हा शब्द घरातून हद्दपार. बाहेर लोक त्यांना थांबवून म्हणायचे, "नशीबवान आहेस, तुझ्या हातून घडलं." डेपोतले ड्रायव्हर गाडीला हात लावून बघायचे. काकूंनी तर त्यांना बोलावून डोक्यावरून हात फिरवला. त्या दिवशी घरी येऊन ते पडवीत भिंतीकडे तोंड करून बसले, आणि मग मला पुठ्ठ्याचं सगळं सांगितलं.

"वहिनी, मी उस्तादांना भर रस्त्यात उकळत ठेवलं. आणि त्या मला आशीर्वाद देतात. मेल्याहून मेल्यासारखं होतंय मला."

मी म्हटलं, "होऊ द्या. तोंडाला कुलूप लावा आणि सोसा. तो पोरगा आईकडे जातोय ना? मग तुमची लाज काय एवढी मोलाची आहे की ती सगळ्यांना दाखवत फिरावी?"

"पण खोटं आहे हो ते."

"असेना. तुम्ही कुठे बोललात? तुम्ही नुसते गप्प आहात."

त्यांना ते पटलं नाही. माणूस चांगला आहे, पण एकदा डोक्यात शिरलं की कुणाचं ऐकत नाही. दोन दिवसांनी संध्याकाळी चपला घालायला लागले. मी विचारलं, कुठे? म्हणाले, काकूंकडे, सांगून टाकतो. मीही पदर सावरून निघाले. वाटेत बोलून बोलून माझं तोंड दुखलं. शेवटी म्हटलं, निदान मुलगा नसेल तेव्हा सांगा. ते "हो हो" म्हणाले, पण लक्ष नव्हतं.

मुलगा होता. खाटेवर बसून चहा पीत होता. काकू भाजी निवडत होत्या. आम्हाला बघून त्यांचं तोंड फुललं; शेजारीण बसली होती, तिला म्हणाल्या, "हाच तो, याच्याच हातून ते थांबले." शेजारीण उठून जाईपर्यंत भावजींनी कशीबशी कळ काढली. मग उभ्याउभ्याच बोलून टाकलं. सकाळची थंडी, पुठ्ठा, विसरलेला पुठ्ठा, चढ, काटा. "उस्ताद थांबले नाहीत, काकू. माझ्या चुकीने इंजिन तापलं. दुसऱ्या कुणाच्याही दारात थांबली असती गाडी. मला आशीर्वाद नको, मला शिव्या द्या." आणि लहान मुलासारखे हुंदके द्यायला लागले.

काकूंनी भाजीची परात बाजूला सारली. आता त्या रागावतील असं मला वाटलं, पण त्या भावजींकडे बघतच नव्हत्या, मुलाकडे बघत होत्या.

मुलाने कप खाली ठेवला. "पुठ्ठा मीच काढला होता," तो म्हणाला. "मला त्याच दिवशी कळलं होतं, आई. पण तू सगळ्यांना सांगत होतीस की बाबांनी मला बोलावलं. मला ते... मला ते हवं होतं." मग म्हणाला, "आता ऐकच सगळं. निरोप मिळाला होता. मी शटर ओढत होतो. गाडी पुढे गेली असती तर पूर्ण ओढून आत बसलो असतो."

"मला दिसलं होतं," काकू म्हणाल्या.

"काय?"

"शटर खाली येताना. पुढच्याच सीटवर बसले होते ना मी."

तो आईकडे बघत राहिला. मग उठला. चपला पायात नीट चढवल्याही नाहीत. तशाच फरफटत निघून गेला. त्याची बायको आतून बाहेर आली, आमच्याकडे बघितलं आणि त्याच्या मागे धावली.

भावजी म्हणाले, "काकू, मला माफ करा, मला वाटलं तुम्हाला खरं कळावं..."

तेव्हा काकूंनी पहिल्यांदा त्यांच्याकडे बघितलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"मला खरं कळावं? अरे, शववाहिकेच्या ड्रायव्हरची बायको मी. भर उन्हात तू हीटर कशाला सोडलास ते मला कळलं नसेल? काटा मलाही दिसत होता. ते घरी येऊन मला हेच तर सांगायचे रोज, आज गाडी अशी तापली, आज तशी." त्यांनी डोळे पुसले. "बापाने बोलावलं म्हटलं की त्याला घरी यायला तोंड मिळत होतं. नाहीतर कुठल्या तोंडाने आला असता तो? मी ते रचलं होतं रे, त्याच्यासाठी. तू स्वतःला मोकळं करायला आलास. झालास ना मोकळा? जा आता घरी."

धरणीने पोटात घ्यावं असं म्हणतात ना, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं. एवढा उंच माणूस दारातून वाकून बाहेर पडला तो घरापर्यंत वाकलेलाच. सांगितलं होतं मी, असं म्हणायला जीभ वळवळत होती, पण ज्याला आधीच जमिनीत गाडलंय त्याच्यावर अजून माती कशाला लोटू?

मुलगा दुसऱ्या दिवशी आईकडे गेला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मला बाजारात काकू भेटायच्या, मी नजरेने विचारायची, त्या मान हलवायच्या. भावजींचा रस्ता तर एकच, स्मशानाचा, आणि तो त्या चढावरूनच जातो. रोज त्यांना दुकानासमोरून गाडी न्यावी लागायची. पूर्वी गाडी दुःखाने हळू नेत असतील, आता लाजेने जोरात नेत होते. एकदा मला म्हणाले, "पहिली चूक विसरण्यातून झाली, वहिनी. दुसरी मी ठरवून केली." खरंच होतं ते.

असे बरेच दिवस गेले. थंडी पूर्ण हटली, पंखे लागले. मग एका संध्याकाळी काकू स्वतःच आमच्याकडे आल्या. भावजी त्यांचा आवाज ऐकून मागच्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. काकूंना ते दिसलं. पाणी प्यायल्या, पदराने वारा घेतला.

"काल आला होता," त्या म्हणाल्या. "दारात उभा राहिला, आत येईना. मी म्हटलं, ये ना. तर म्हणाला, आधी ऐकून घे. मी लग्नात बाबांना ओळख दिली नाही, ती मी दिली नाही. मी शटर ओढत होतो, ते मी ओढत होतो. मला कुणी बोलावलेलं नाही, आई. आज मी माझा मी आलोय." एवढं सांगून काकू रडायला लागल्या, आणि मीही.

त्या गेल्यावर भावजी बाहेर आले. सगळं ऐकलं होतं त्यांनी. डोळे लाल, पण बऱ्याच दिवसांनी चेहऱ्यावर जरा जीव आला होता. घुटमळत म्हणाले, "म्हणजे वहिनी, मी सांगितलं म्हणूनच..."

"एक शब्द पुढे बोलू नका," मी म्हटलं. "तो आला तो त्याच्या हिमतीने आला. ना उस्तादांमुळे, ना तुमच्यामुळे. त्या माउलीने त्याला झाकून ठेवलं होतं, तुम्ही उघडं पाडलं. नसता आला तर?"

ते दाराच्या चौकटीला टेकले. मग मान खाली घालून म्हणाले, "नसता आला तर मी काय करणार होतो, हेच मला अजून सुचलेलं नाही."